पहिले मासे

१

रोज सकाळी नळ आला की आधी कालचं शिळं पाणी मोरीत ओतायचं, हंडा-कळशी चिंचेनं नि राखेनं लख्ख घासायची, मग ताजं भरायचं. माझ्या आईनं मला हे शिकवलं, तिला तिच्या आईनं. शिळं पाणी पिणाऱ्या घराला मी घर म्हणत नाही. तेव्हा काचेच्या पेटीतल्या माशांनाही मी तोच न्याय लावला. सगळं पाणी उपसायचं, रेती धुवायची, काच घासायची, नळाचं थंडगार पाणी भरायचं. आठवडा उलटायच्या आत सगळे गोल्डफिश पोट वर करून तरंगायला लागले.

"आजी, तुम्ही मारलंत त्यांना," नंदकुमार म्हणाला.

"मी मारलं? मेले ते. जन्मात कुणी एवढी स्वच्छता दाखवली नसेल मेल्यांना."

हा नंदकुमार दिवसभर बँकेत कारकुनी करतो आणि संध्याकाळी बाजूच्या गल्लीतल्या स्वतःच्या घराच्या गॅलरीत मासे विकतो. जीभ एकदा सुटली की आवरत नाही. मी चौथीत शाळा सोडली नि पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, त्यामुळे शिकलेल्या माणसांचं लांबण ऐकायचा मला कंटाळा आहे. पण मासे त्याला कळतात, हे मान्य.

"स्वच्छतेनंच मेले, आजी. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं. आधी बादलीत भरून ठेवायचं, वास उडू द्यायचा. नि सगळं पाणी कधीच बदलायचं नाही. तिसरा हिस्सा काढायचा, तेवढंच नवं घालायचं. तेही असं हळूच, की त्यांना कळता कामा नये. नवी टाकी म्हणजे कच्चं पाणी. पाणी मुरू द्यावं लागतं."

"मुरायला ते लोणचं आहे काय?"

"लोणचंच समजा."

"मग मीठ किती घालू?"

"मीठ नाही, मासे घालायचे," तो हसत म्हणाला. "स्वस्तातले, चिवट. त्यांचा वावर झाला, त्यांची घाण पडली, की पाणी आपोआप तयार होतं. ते पहिले मासे. त्यांतले काही जातात. पाणी मुरलं की मग आपले भारी मासे सोडायचे."

त्यानं काळ्या मॉली पिशवीत भरून दिल्या. "चिवट जात आहे हं. तुमच्या घरच्या आजोबांसारखी."

पिशवी घेऊन जिना चढताना माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. मुरू द्या. हा शब्द मी याच घराबद्दल आधी कुणाच्या तोंडून ऐकला होता, ते मला दाराशी पोचल्यावर आठवलं.

२

हे घर आमचं नाही.

दादरला विद्याधरच्या आईकडे मी उभा जन्म स्वयंपाक केला. तो पोर माझ्या हातचं खाऊन इंजिनीअर झाला. त्यानं बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या बाजूला, नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर ओनरशिपचा फ्लॅट घेतला. आमची गिरणी संपात गेली ती गेलीच, पाठोपाठ लालबागची खोली गेली. तेव्हा तो आपण होऊन आला नि म्हणाला, "विमलामावशी, तुम्ही आणि काका जाऊन राहा तिथं. नवं घर बंद ठेवू नये. माणसांचा वावर हवा. घर जरा मुरू दे, मग आम्ही येतो."

ऐकायला किती गोड! मी आल्या दिवशी स्टोव्हवर दूध उतू जाऊ दिलं, देवाचा फोटो लावला नि राहायला लागले.

त्याची बायको जयंती. तिनंच ती काचेची पेटी, पंप नि गोल्डफिश पाठवले होते. "तुम्हांला करमणूक होईल," म्हणाली. करमणूक झाली ती गुणाजीची. गुणाजी माझा नवरा. मी त्याला नावानं हाक मारते, यावरून चाळीत माझ्या नावानं पुष्कळ खडे फुटले. फुटोत. गिरणीच्या कापसानं त्याची छाती पार निकामी केली, चार पावलं चालला की दम लागतो. मालवणच्या खाडीकाठी वाढलेला माणूस, पाणी दिसलं की खूश. दिवसभर पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचा.

इमारतीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. फ्लॅट विकले गेले होते, दारांना कुलपं होती. खाली कुंडलिक नावाचा वॉचमन, तो वर यायचा नाही.

"का रे, जिना चढायला पाय दुखतात?" मी विचारलं.

"पाय नाय दुखत, आजी. वर गेलं ना, की कानात दडे बसतात. विहिरीत तळाला बुडी मारल्यावानी."

मी त्याला वेड्यात काढलं. खरं म्हणजे माझेही कान रोज तिसऱ्या मजल्यावर बंद व्हायचे. वय झालं की व्हायचंच, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण कुंडलिक तर विद्याधरच्या वयाचा.

३

मॉली सोडल्यावर पेटीतलं पाणी दुधाळ झालं. तांदूळ धुतल्यासारखं. माझा हात शिवशिवत होता, पण नंदकुमारनं बजावलं होतं: हात लावायचा नाही, खाणं कमी टाकायचं, पंप चालू ठेवायचा, आपोआप निवळेल. तेव्हा मी हात आवरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा घाण पाण्याकडे बघत बसले.

एका दुपारी दोन घास खाऊन आडवी झाले. पंपाची गुडगुड डोकं उठवत होती, म्हणून उठून बटण बंद केलं. पाच मिनिटांत मासे मरत नाहीत.

बुडबुडे थांबले. गुडगुड थांबली नाही.

मी पिनही काढली. नळी हातात धरून पाहिली, तिच्यात हवा नव्हती. आवाज मात्र तसाच, एका लयीत, थोडा जाड. मी भूतबीत मानत नाही. स्मशानालगतच्या चाळीत मी बाळंतपणं केली आहेत. मी स्वयंपाकघरात गेले, नळ तपासला. मोरीच्या जाळीवर कान ठेवला. शेवटी पितळी पेला भिंतीला लावून त्याला कान लावला.

आवाज भिंतीत होता. हॉलच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, खालून वर जाणारा. त्या भिंतीपलीकडे काही नाही. बाहेर मोकळी हवा आणि समोर पार्कातली टेकडी.

"गच्चीवरच्या टाकीचो पाइप असतलो गो," गुणाजी म्हणाला.

"टाकी पश्चिमेला आहे."

"मगे तू जा नि बंद कर. माका काय त्रास नाय."

मी पंपाची पिन परत लावली. निदान त्या आवाजात तो दुसरा झाकला जात होता.

४

पुढच्या रविवारी मी पेटीचं पाणी बदललं. नळीचं एक टोक पेटीत, दुसरं तोंडात धरून ओढायचं, पाणी आलं की बादलीत सोडायचं. तळाची घाण त्यातून ओढली जाते. मॉली घाबरून एका कोपऱ्यात गोळा झाल्या. तिसरा हिस्सा काढला, शिळवलेलं पाणी हळूच घातलं. काम झालं म्हणून हात पुसत उभी राहिले, तेवढ्यात देवाच्या फोटोसमोरची उदबत्ती माझ्या नजरेला पडली.

उदबत्तीचा धूर वर चढत नव्हता. जमिनीलगत उतरून, सरळ रेघ धरून, मोरीच्या दिशेनं चालला होता.

खिडक्या बंद होत्या. मी मोरीत गेले. भुईतल्या जाळीत तो धूर शिरत होता. पाठोपाठ केरातला एक दोरा सरकत आला नि आत गेला. माझ्या लुगड्याचा काठसुद्धा जाळीकडे ओढ घेत होता. छातीत काहीतरी रितं झाल्यासारखं वाटलं. मी भिंत धरली.

मग ओढ थांबली. नि घरात वास आला. कोरड्या घरात, नळ गेलेला असताना, ब्लीचिंगचा वास. सौम्य. भरून ठेवलेल्या पाण्याला उडून उडून जेवढा राहतो तेवढाच.

"गुणाजी, वास येतोय?"

त्यानं मान हलवली. तो खुर्ची सोडून खोलीच्या कोपऱ्यात उभा होता, भिंतीला अंग चिकटवून. "कसलो ता ठावक नाय. पण हयच बरा वाटता," म्हणाला.

५

त्यानंतर घर धुरकटलं.

दुसरा शब्द मला सुचत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला असेल म्हणून खिडकीबाहेर पाहिलं, तर टेकडीवरचं झाड न् झाड स्वच्छ दिसत होतं. आत वळले की समोरची भिंत तांदळाच्या धुवणातून पाहिल्यासारखी. मी फडकं ओलं करून काचा पुसल्या, दिवा पुसला, स्वतःचा चष्मा पुसला. काही फरक नाही. दुपारचं ऊन हॉलमध्ये पडायचं त्याची कड दिसेनाशी झाली.

गुणाजीचा दम वाढला. नेहमीचा दम मला ओळखीचा आहे, त्यात शिट्टी वाजते. हा तसा नव्हता. यात आवाजच नव्हता. तोंड नुसतं उघडायचं नि मिटायचं.

एकदा मी बाजारातून आले तर खुर्ची रिकामी. हाक मारली, ओ नाही. आत जाऊन बघते तर स्वयंपाकघरात स्टुलावर स्टूल ठेवून, चार पावलं चालता न येणारा माझा नवरा वर चढलेला. हात भिंतीवर टेकलेले, मान मागे टाकलेली, तोंड छतालगतच्या व्हेंटिलेटरला लावलेलं. उघडझाप, उघडझाप. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत.

"गुणाजी! उतर आधी! हाडं मोडायची आहेत का?"

"वर हवा हा," तो म्हणाला. "खालची संपली."

मी त्याला कमरेला धरून खाली घेतलं. शेवग्याच्या शेंगेसारखं हलकं झालं होतं त्याचं अंग. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. आणि का कोण जाणे, माझी नजर पेटीकडे गेली. मॉली सगळ्या पाण्याच्या वरच्या कडेला एका रांगेत आल्या होत्या. तोंडं पाण्याबाहेर. उघडझाप, उघडझाप.

६

मी तशीच नंदकुमारकडे गेले. रविवारची सकाळ, तो बनियनवर बादल्या धूत होता.

"वर येऊन तोंड उघडतात? मग बरोबर आहे," तो म्हणाला. "पाणी अजून मुरतंय. हा काळ वाईट असतो. यातून निभावले की मग काही होत नाही. त्याच पाण्याचे होऊन जातात."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी मानवतं. मग त्यांना चांगल्या स्वच्छ पाण्यात टाका, तिथं तडफडतील. उलटंच असतं ते."

"नि भारी मासे आले की या पहिल्यांचं काय करतोस?"

तो बादली विसळत राहिला. "काही करावं लागत नाही, आजी. भारी मासा मोठा असतो ना." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? मॉली आहेत त्या."

औषधाच्या दुकानातल्या नाण्याच्या फोनवरून मी विद्याधरला फोन लावला. माझं बोलणं ऐकायच्या आधीच म्हणाला, "काय मावशी, मुरलं का घर?"

"कुणी सांगितलं तुला घर मुरवायला?"

"कुणी म्हणजे? सगळेच सांगतात. बिल्डर म्हणाला, आधी कुणाला तरी ठेवा."

"कुणाला तरी म्हणजे कुणाला?"

"मावशी, तुम्ही भांडायलाच फोन केलाय का? काकांना बरं नाही का? भिंती ओल्या असतील, दमट हवा बाधते. थोडे दिवस काढा. जयंतीनं नंदकुमारकडे एक छान मासा सांगून ठेवलाय, आम्ही येऊ तेव्हा टाकीत हवा म्हणून."

मी फोन ठेवला. इथं कुठंतरी पाणी मुरतंय, असं मोठ्यानं म्हणाले नि माझ्याच शब्दांनी दचकले. दुकानदारानं वर बघितलं.

विद्याधर खोटं बोलत नव्हता. तो बोलायला लागल्यापासून मी त्याचा आवाज ओळखते. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं एवढंच, आणि त्या कुणालातरी आणखी कुणी.

मी ठरवलं. विद्याधर गेला उडत, घर गेलं उडत. गुणाजीला घेऊन खारदांड्याला माझी बहीण सुगंधा आहे तिच्याकडे जायचं, तिच्या ओटीवर झोपायचं. पाया पडायची वेळ आली तर तिच्याही पडेन. मी कुणाच्या पडत नाही.

७

घरी आले तर घर निवळलेलं.

धुरकटपणा नाहीसा. भिंती लख्ख. उन्हाची कड सुरीसारखी. पेटीतलं पाणी इतकं स्वच्छ की मासे हवेत टांगल्यासारखे वाटत होते. आणि गुणाजी फिरत होता. या खोलीतून त्या खोलीत, कडेकडेनं, कोपऱ्यावर वळायचं नि परत. छातीत शिट्टी नाही, दम नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी होता तसा ताठ.

"माका बरा वाटता गो! छाती मोकळी झाली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. हा माणूस डॉक्टरांनी सोडून दिलेला. क्षणभर वाटलं, राहू या इथंच. कशाला जायचं?

पण मी बोचकं बांधलंच. "चल. सुगंधाकडे जाऊन येऊ. चार दिवसांनी परत."

"कित्याक? हय बरा हा."

"मी सांगते म्हणून चल."

दारापर्यंत आला. उंबऱ्याबाहेर पाय टाकला. पहिला जिना कसाबसा उतरला. तिसऱ्या मजल्यावर, माझे कान जिथं उघडतात तिथं, त्याचे गुडघे वाकले. तो पायरीवर आडवा पडला, कुशीवर. तोंड उघडझाप करत होतं, टाचा फरशीवर आपटत होत्या. ओठ जांभळे. जिन्याच्या खिडकीतून वारा येत होता, पार्कातला, झाडांचा. एवढी हवा, आणि त्याला त्यातली चमचाभर घेता येईना.

"कुंडलिक! अरे कुंडलिक, धाव!"

तो खालून धावत आला, पण तिसऱ्या मजल्याखालीच थांबला. "आजी, दवाखान्यात नेऊ! खाली आणा त्यांना!"

खाली आणलं तर काय होईल, ते मला गुणाजीच्या टाचा सांगत होत्या. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं. पायरी पायरीनं, उलट्या पावली. या वयात कुठून बळ आलं विचारू नका. उंबऱ्याच्या आत त्याचं डोकं आलं मात्र, त्यानं एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. मग उठून बसला नि ओलं तोंड पुसलं.

"बघलंस? सांगलंय नाय तुका? हयच बरा."

मी दार लावलं. कडी घातली. मग कडीकडे बघत उभी राहिले. ती आतून होती. मला हवी तेव्हा मी ती काढू शकत होते. मला बाहेर दम लागत नव्हता, मी रोज भाजीला जात होते. मी अजून पुरती मुरले नव्हते.

कुंडलिक खालून ओरडत होता, "आजी, तुम्ही तरी खाली या!"

"तू तुझं काम बघ रे," मी ओरडले.

८

हे पुढचं सगळं आजचं आहे.

सकाळी नंदकुमार भारी मासा घेऊन आला. विद्याधर आणि जयंती संध्याकाळी येणार म्हणून. उंबऱ्यावर उभं राहूनच त्यानं कान चोळले नि पिशवी माझ्या हातात दिली. फुगलेली, तोंडाला गाठ मारलेली, आत थोडं पाणी नि तळहाताएवढा एक मासा. रंग सुंदर, नाही म्हणणार नाही. तोंड मात्र सगळ्या अंगाच्या मानानं मोठं.

"लगेच सोडू नका. पिशवी तशीच पाण्यावर तरंगू द्या. त्याला तुमच्या पाण्याची सवय होऊ दे. मग गाठ सोडा. फार वेळही ठेवू नका, पिशवीतली हवा संध्याकाळपर्यंत पुरायची नाही. आणि काचेवर टकटक करू नका, बिचकतात."

मी पिशवी पेटीत ठेवली. ती तरंगली. खाली मॉलींनी वर पाहिलं. माझा हात पाण्यावर दिसला की त्या नेहमी धावत वर येतात, खाणं मिळेल म्हणून. आजही आल्या. तोंडं उघडून, आनंदानं, पिशवीच्या बुडाशी.

तेवढ्यात गच्चीवर काहीतरी ठेवलं गेलं.

आपटलं नाही. हळूच ठेवलं. आमच्या डोक्यावर गच्चीशिवाय काही नाही, आणि गच्चीच्या दाराला कुलूप आहे. सबंध छतभर एकदम भार आल्यासारखं झालं. पंखा आपोआप थोडा हलला. कोपऱ्यातून चुन्याची भुकटी गळली. मग वरून एक आवाज, ओलं पोतं फरशीवर लोळवावं तसा. इकडून तिकडे. परत तिकडून इकडे. तरंगत असल्यासारखा.

गुणाजी खुर्चीतून उठला. स्टुलावर चढला. मान वर केली. मी त्याचं तोंड पाहिलं, आणि त्यावर भीतीचा मागमूस नव्हता. तो हसत होता.

"कोण इला गो?" तो म्हणाला.

माझी बोटं पिशवीच्या गाठीवर होती. गाठ सोडायची वेळ झालीच होती. मी दोरा जरासा ओढला.

वर काहीतरी कुरकुरलं. दोरा ताणला जावा तसं, जाड.

मी बोटं काढली. कुरकुर थांबली.

मी पुन्हा दोऱ्याला हात लावला. पुन्हा आवाज. मी हात मागे घेतला, पुन्हा शांत. हा योगायोग आहे, असं मी स्वतःला बजावलं. इमारत नवी आहे, छत तापतं, लोखंड वाजतं. हे सगळं मी मोठ्यानं बोलले. आणि पिशवी पाण्यातून काढून पोटाशी धरली.

मग मला राग आला. मला भीती वाटली की राग येतो, जन्माची खोड. मी खलातला लोखंडी बत्ता उचलला नि पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर आतून ठोकला. टक. टक. टक. बाहेरून काचेवर टकटक करू नये. आतून केली तर काय होतं, ते नंदकुमारनं सांगितलं नव्हतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. टेकडी होती. मग खिडकीतला उजेड गेला. ढग आल्यासारखा सगळीकडून नाही. वरच्या कडेपासून खाली, सावकाश. पेटीत काय चाललंय ते बघायला मी वाकते, तेव्हा माझी सावली पाण्यावर अशीच उतरते. त्या काळोखात काहीतरी ओलसर चमकलं, आणि माझ्याकडे वळलं. मी नजर खाली केली. पूर्ण पाहिलं नाही. पाहणारही नाही.

पण पिशवी मी वर धरली. दोन्ही हातांनी, काचेला लावून, गाठ दिसेल अशी.

"बघ," मी म्हटलं. "मी गाठ सोडली नाही. तूही तुझी सोडायची नाही."

खिडकीत पुन्हा ऊन आलं.

तेव्हापासून मी पिशवी मांडीवर घेऊन बसले आहे. वर भार तसाच आहे, पण हलत नाही. गुणाजी स्टुलावर उभा आहे, त्याची मान दुखत नाही. मधूनच म्हणतो, "सोड मां गो. किती वेळ धरतलंस?" दाराची कडी समोर आहे. मी उठून जाऊ शकते. पण याला सोडून जायचं तर मी विमला कसली?

पिशवी मघापेक्षा मऊ लागतेय. आतला मासा तळाशी गेला होता, आता वर आलाय. तोंड उघडतो, मिटतो. जरा कुशीवर कलतोय, सावरतोय, पुन्हा कलतोय.

वर काहीतरी कुशीवर कलल्याचा आवाज आला.